शिट्टीआधीचा गुलाल

आज सकाळी कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर ठेवायला गेले, तर शेजारच्या डोनलच्या खिडकीत हिरवा-पांढरा मफलर टांगलेला दिसला. म्हणजे ऑगस्ट लागला. आयर्लंडमध्ये ऑगस्ट ओळखायला दुसरी खूण नाही. पाऊस बारा महिने तोच, आणि ऊन म्हणाल तर देवाच्या मर्जीवर. पण इंग्लंडमधल्या फुटबॉलचा नवा सीझन सुरू झाला की डोनल मफलर बाहेर काढतो, आणि मे महिन्यात शेवटची मॅच संपली की धुऊन, घडी घालून ठेवून देतो. पंचाहत्तरीचा, एकटा राहणारा माणूस. त्याची टीम सध्या खालच्या लीगमध्ये खेळते. "धिस इज अवर इयर, मंजू," तो कुंपणावरून म्हणाला. हे तो दरवर्षी म्हणतो. मी म्हटलं, "ऑफ कोर्स इट इज," आणि खरं सांगते, मनापासून म्हटलं.

ही मी. फुटबॉल हा शब्द ऐकला की जिच्या कपाळाला आठी पडायची, ती. तीस वर्षं मी त्या खेळाचा राग राग केला आणि तो रीतसर, कारण देऊन केला. मग एका वर्षी इंग्लंडच्या वरच्या लीगच्या सीझनचे शेवटचे तीन महिने आमच्या घरात असे काही घुसले की आता मफलर दिसला तरी मला बरं वाटतं.

आधी माझं काम सांगते, कारण ते पुढे लागेल. कॉर्कच्या बंदराजवळ रिंगास्किडीला औषधांचे कारखाने आहेत, त्यातल्या एकात मी क्वालिटी बघते. सोप्या भाषेत, लोकांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. आमच्याकडे इंजेक्शनं भरतात तिथं आत जाताना अंगावर कणभर काही चालत नाही. पावडर नाही, टिकली नाही, नेलपॉलिश नाही, घड्याळ नाही. दाराशी आरसा लावलाय, त्यात बघूनच आत पाऊल टाकायचं. तो आरसा मीच लावून घेतला. एका दसऱ्याला नागपूरची एक मुलगी बारीकशी कुंकवाची रेघ लावून आली होती, तिला मी उलट पावली बाहेर पाठवलं. बिचारीचा चेहरा एवढासा झाला. कँटीनमधली मराठी मंडळी दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होती. नियम म्हणजे नियम, मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

आता रागाचं कारण. मी कोल्हापूरची. बाकीच्या महाराष्ट्राला क्रिकेटचं वेड, आमच्याकडे फुटबॉलचं. प्रत्येक पेठेची तालीम, प्रत्येक तालमीची टीम, आणि मॅच असली की दुकानांची शटरं खाली. माझे वडील, अण्णा, उद्यमनगरात लेथ मशीनवर टर्नर होते आणि आमच्या तालमीचे गोलकीपर. दिवसभर लोखंड कातायचं आणि संध्याकाळी मातीत अंग टाकायचं. आमच्या घरात त्यांच्या गुडघ्यांना लावायच्या हळदीच्या लेपाचा वास कायम असायचा. दादाला ते खांद्यावर घेऊन स्टेडियमवर न्यायचे. मी गच्चीवर. पोरींनी तिथं यायचं नाही, एवढंच उत्तर. गच्चीवरून मैदान दिसायचं नाही, फक्त ओरडा ऐकू यायचा, आणि नुसत्या ओरड्यावरून मी सांगायची गोल कुणी केला, आपण की त्यांनी. एकदाही चुकले नाही.

मी अकरा वर्षांची असताना आमच्या तालमीनं कप जिंकला. अण्णांनी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली होती. हलगी वाजत आली, सगळी गल्ली गुलालानं लाल, अण्णांच्या पापण्यासुद्धा लाल. मी जिना उतरून दारात आले आणि हात पुढे केला. म्हटलं, मला पण लावा. अण्णा हसत होते, घाईत होते, मागून लोक ओढत होते. "पोरींनी गुलालात यायचं न्हाई, आत जा," म्हणाले आणि दादाला उचलून पुढं गेले. दुसऱ्या दिवशी आई दगडावर त्यांचा शर्ट आपटत होती आणि मोरीतून गुलाबी पाणी वाहत होतं. मी त्या पाण्यात पाय घालून उभी राहिले. आईनं बघितलं, आणि पुन्हा शर्ट आपटायला लागली.

तर असा तो राग. पुढे शिकले, नोकरी लागली, मिलिंदशी लग्न झालं. तो डॉक्टर, इथल्या सरकारी हॉस्पिटलात. त्याला क्रिकेटशिवाय काही कळत नाही, हे मला फार आवडलं होतं. मग आमची रेवा झाली, इथंच, कॅरिगलाइनमध्ये. आम्ही मराठीत बोलतो, ती कॉर्कच्या हेलातल्या इंग्लिशमध्ये उत्तर देते. आणि नशीब बघा, ही पोरगी नऊ वर्षांची असताना मुलींच्या टीममधून घरी आली, नखशिखांत चिखल, दात तेवढे पांढरे, आणि म्हणाली, "मम, आय’म द गोली!" दुसरं कुणी गोलमध्ये उभं राहायला तयार नव्हतं, हिनं हात वर केला. मी तिला चिखलासकट मिठी मारली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता अण्णा आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटे. तीन महिन्यांचा व्हिसा. परतीचं विमान मे महिन्यातल्या एका मंगळवारी, म्हणजे लीगच्या शेवटच्या रविवारनंतर दोनच दिवसांनी. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बॅगेत कांदा-लसूण मसाला, सुकी मिरची, दोन स्वेटर, आणि स्वेटरच्या घडीत गुलालाची एक पुडी.

"अण्णा, हे कशाला?"

"आसू दे की. कुठं काय जिंकलं-बिंकलं, तर तुमच्यात मिळंल व्हय?"

मी ती पुडी किचनच्या कपाटात मागे सारली. कपाटाला इथं प्रेस म्हणतात, अण्णांनी आल्या आठवड्यात तो शब्द उचलला. "मंजे, प्रेसमधला साखरंचा डबा दे," असं सातारा-कोल्हापूर रोडवरच्या हेलात ऐकायला फार मजा यायची.

पहिल्याच शनिवारी डोनल आणि अण्णांची गाठ पडली. अण्णा कुंपणापाशी उन्हाला पाठ करून बसले होते, आणि डोनल मफलर गळ्यात घालून, तोंड पाडून फाटकाशी उभा. त्याची टीम हरली होती. तळाच्या तीन टीम दरवर्षी खालच्या लीगमध्ये ढकलल्या जातात, आणि डोनलची टीम त्या तिनात होती. अण्णांना मोजके चाळीसेक इंग्लिश शब्द येतात, पण त्यातले निम्मे फुटबॉलचे. कॉर्नर, फाऊल, हाफटाइम, ऑफसाइड. तेवढ्यावर दोघं तासभर बोलले. संध्याकाळी अण्णांनी जाहीर केलं, "आपली तालीम ठरली. हिरवी."

रेवा चिडली. ती आणि तिचा अख्खा वर्ग इंग्लंडच्या एका बड्या, कायम वरच्या नंबरात असणाऱ्या क्लबचे चाहते. "आजोबा, दे आर ब्रूटल! दे’ल गो डाऊन!" ब्रूटल म्हणजे इथं एकदम टाकाऊ.

"तू ज्यांचा शर्ट घालतीस, त्यांचं गाव बघितलंयस का?"

"नो."

"मग कशाची गं तुझी टीम? ज्या गल्लीत राहायचं, त्या गल्लीची तालीम आपली. शेजारी हिरवा, आपण हिरवं. हाय काय आन् न्हाई काय."

आता डोनल तरी त्या गावचा कुठला, मी विचारलं. ज्या इंग्रजांच्या नावानं ही आयरिश माणसं पिढ्यानपिढ्या बोटं मोडतात, त्यांच्याच क्लबांसाठी शनिवारी ढसाढसा रडतात. पण डोनलची गोष्ट वेगळी निघाली. डोनल अठराव्या वर्षी बोटीनं इंग्लंडला गेला होता, रस्ते खणायला. त्या मैदानाला लागून असलेल्या गल्लीत भाड्याची खोली. आठवडाभर लोक त्याला तुझ्या देशात परत जा म्हणायचे, आणि शनिवारी त्याच लोकांत उभं राहून तो ओरडायचा तेव्हा कुणी काही म्हणायचं नाही. मी हे अण्णांना मराठीत सांगितलं. "मंग बराबर हाय त्येचं," अण्णा म्हणाले, "तिथं राहिलाय त्यो."

झालं, ठरलं. दर वीकेंडला अण्णा डोनलकडे. जाताना डब्यात काहीतरी तळलेलं घेऊन जायचे. डोनलची बैठकीची खोली मला अजून डोळ्यांसमोर आहे. मळकट फायरप्लेस, ओल्या कोटाचा वास, व्हिनेगर मारलेले चिप्स, दुधाळ चहा आणि त्याच्या बायकोनं मरण्यापूर्वी हौसेनं टाकलेला साईच्या रंगाचा गालिचा. दोन म्हातारे दोन खुर्च्यांत. एक कॉर्कच्या भाषेत शिव्या देतोय, दुसरा कोल्हापूरच्या. मी अण्णांना आणायला जायची आणि दारातच पाच मिनिटं उभी राहायची. पाचाची दहा व्हायची. मार्चमध्ये एकदा हिरव्यांनी गोल केला, तेव्हा मी अंगणात होते, खोली दिसत नव्हती. नुसत्या ओरड्यावरून मला कळलं की आपण केला. माझ्या अंगावर काटा आला आणि लगेच स्वतःचाच राग आला.

गुलालाची भानगड एप्रिलमधली. हिरवे एक टीम खाली ढकलून वर सरकणार, फक्त जिंकायला हवं होतं. मी, रेवा, अण्णा, डोनल, चौघं डोनलकडे. नव्वदावं मिनिट, कॉर्नर, उडी, गोल! डोनल खुर्चीतून उठला की फेकला गेला, सांगता येणार नाही. अण्णांनी स्वेटरच्या खिशातनं पुडी काढली, माझ्या प्रेसमधून कधी लंपास केली होती कोण जाणे, आणि "ये भावा!" म्हणून मूठभर गुलाल हवेत. डोनलच्या पांढऱ्या केसांवर, चिप्सवर, गालिच्यावर. आणि टीव्हीवर सगळे खेळाडू थांबलेले. व्हिडिओ बघून निर्णय देणारा एक रेफ्री असतो हल्ली. त्यानं दोन मिनिटं रेघा मारल्या आणि सांगितलं की एकाचा अंगठा ऑफसाइड होता. गोल रद्द.

अण्णा दुसरी मूठ भरून तसेच उभे. डोनलच्या नाकाच्या शेंड्यावर गुलाल. मग तो म्हणाला, "आह, ’टिज ग्रँड." इथं ग्रँड म्हणजे काहीही. पाय मोडला तरी ग्रँड.

अण्णांना दोन दिवस जेवण गेलं नाही. "आमच्यात रेफ्रीनं गोल दिला म्हंजी दिला," पुन्हापुन्हा तेच. "टीव्ही बघून माघारी घ्यायची कुठली ही पद्धत? मेलेल्या बाईचा गालिचा नासवला मी." आम्ही व्हॅक्युम फिरवला, फेस लावला, माझ्या कारखान्यातलं सगळं ज्ञान लावलं. तरी पावलाएवढा गुलाबी डाग राहिलाच. डोनल त्यावर खुर्चीसुद्धा सरकवून ठेवत नाही, आजही. अण्णांनी मात्र देवासमोर उभं राहून शपथ घेतली, की शेवटची शिट्टी झाल्याशिवाय पुडी सोडायची नाही.

हे सगळं गोड आहे, हसण्यासारखं आहे. पण मला दुसरंच खुपत होतं. दर शनिवारी सकाळी रेवाची मॅच असायची, घरापासून दहा मिनिटांवर. अण्णा एकदाही आले नव्हते. फ्रिजवर तिच्या मॅचचा कागद लावला होता, रोज त्याच्यासमोरून जायचे. "थंडी लई हाय गं." "गुडघा दुखतोय." "आज डोनलचं काम हाय." परक्या गावच्या अकरा बाप्यांसाठी जीव टाकतील, आणि सख्खी नात गोलमध्ये उभी राहते तिथं पाऊल टाकणार नाहीत. रेवा दर वेळी विचारायची, "इज आजोबा कमिंग?" आणि मी दर वेळी खोटं बोलायची. मनाशी ठरवूनच टाकलं होतं मी. हे जर हिची एकही मॅच न बघता विमानात बसले, तर पुन्हा बोलावणार नाही. भेटायला मी जाईन, कर्तव्य करीन, पण बोलावणार नाही. तीस वर्षांचं एकदाचं मिटवून टाकायचं. माझ्याकडून मी शांत झाले होते.

एकच दिवस मला वाटलं, आपलंच चुकतंय. मे महिना, रात्री नऊपर्यंत उजेड, कुंपणाला पांढरी फुलं लागलेली. रेवा मागच्या अंगणात शेडच्या भिंतीवर बॉल मारून स्वतःच अडवत होती. अण्णा किचनच्या खिडकीत चहा पीत उभे. अचानक खिडकी उघडून ओरडले, "मनगाट मोडंल, पोरी! दोन्ही हात मागं बॉलच्या!" आणि चपला न घालताच बाहेर. अर्धा तास दोघं ओल्या गवतात. मी भांडी घासत होते, नळ बंद करून ऐकत राहिले.

"मारणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाई. तोंड खोटं बोलतंय. त्येचा जो पाय जमिनीवर ठेवलाय का, त्येचा अंगठा बघ. अंगठा जिकडं, बॉल तिकडं."

"ऑलवेज?"

"धातनं आठ बारी. दोन बारी देव बघतंय."

मला वाटलं, आता तरी येतील. शनिवारी सकाळी मी कोट हातात घेऊन उभी राहिले. "तुमी व्हा पुढं," म्हणाले, आणि खोलीत गेले. मी दार आपटलं. चांगलं जोरात आपटलं.

मग तो शेवटचा रविवार. त्या दिवशी वरच्या लीगच्या सगळ्या मॅच एकाच वेळी असतात, चारला. हिरव्यांना तगून राहायला जिंकणं भाग होतं. आणि रेवाच्या टीमची कपची फायनल, मैदानात पाणी साचल्यानं आदल्या आठवड्यात पुढं ढकललेली, त्याच रविवारी साडेचारला मॅलोला. तासाभराची ड्राइव्ह. मिलिंद हॉस्पिटलात ड्यूटीवर. मी अण्णांना काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. अण्णा सोफ्यावर मोजे घालत बसले होते. रेवानं बॅग खांद्याला लावली आणि म्हणाली, "बाय, आजोबा. होप युअर लॉट विन." अण्णा नुसते मान हलवत राहिले.

फायनल सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. रेवाच्या टीमवर एक गोल चढला होता. मी दोरीच्या अलीकडे, हात खिशात, दात आवळलेले. आणि फाटकातून डोनलची ती जुनी, एका बाजूला चेपलेली गाडी आत आली. आधी डोनल उतरला, गळ्यात मफलर, कानाला छोटा रेडिओ. मग दुसऱ्या बाजूनं अण्णा. कानटोपी, स्वेटर, त्यावर मिलिंदचा रेनकोट, आणि हातात आमच्या फ्रिजवरचा कागद.

"युअर मॅन वॉक्ड इन," डोनल मला म्हणाला. इथं कुणाबद्दलही बोलायचं तर युअर मॅनच म्हणतात. "कोट ऑन हिम. पुट द पेपर इन माय हँड. सो आय गॉट द कीज." मी म्हटलं, डोनल, तुझी मॅच! पन्नास वर्षं! त्यानं कानाला लावलेला रेडिओ दाखवला आणि खांदे उडवले.

हाफटाइमला आया संत्र्याच्या फोडी वाटत होत्या. अण्णा माझ्याशेजारी उभे, बघत मैदानाकडे. मी म्हटलं, "इतके दिवस थंडी वाजत होती. आज नाही वाजत?" माझी जीभ अशी आहे, काय करू.

त्यांनी कानटोपी खाली ओढली. मग म्हणाले, "कुठल्या तोंडानं येऊ गं? तुला एकदा तरी न्हेलं का मी? गच्चीवर उभी ऱ्हायाचीस. खालनं मला दिसायचं की. हिला बघाय आलो तर तुला काय वाटंल, म्हून पाय उचलत नव्हता. आज तुमी निघालासा तवा पोरीनं माझ्याकडं बघितलं, आन् तू न्हाई बघितलंस. मंग म्हटलं, शिवी खावी लागली तर खाऊ."

त्यांना ती गच्ची दिसत होती, हे मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात पटाईत असलेली मी, या माणसाच्या शरमेला माज समजले होते. मी फक्त संत्र्याची फोड त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या हाफमध्ये आमच्या मुलींनी बरोबरी केली. वेळ संपली, पेनल्टी आल्या. रेवा गोलमध्ये, एवढीशी, हातमोजे कोपरापर्यंत. इथं पालकांनी मैदानात सूचना ओरडायच्या नाहीत, तसा बोर्डच आहे. अण्णा दोरीपर्यंत गेले आणि घसा फाडून ओरडले, "अंगठा!" कोच वळून बघायला लागली. मी तिला गोड हसून म्हटलं, "ही’ज जस्ट प्रेइंग." दुसऱ्या टीमची उंच मुलगी धावत आली. रेवा खाली बघत होती, फक्त खाली. डावीकडे झेपावली, दोन्ही हात बॉलच्या मागे. अडवली! मी किंचाळले. गच्चीवर कधी किंचाळले नव्हते एवढी किंचाळले.

तरी हरलो. आमच्यातल्या दोघींनी बाहेर मारल्या. शिट्टी झाली, समोरच्या मुली एकमेकींवर कोसळल्या. त्याच सुमारास डोनलनं कानावरचा रेडिओ खाली घेतला, बटण बंद केलं, खिशात टाकला. हिरवे खाली गेले होते. "दॅट’स दॅट, सो," म्हणाला, आणि रेवासाठी टाळ्या वाजवायला लागला, जोरजोरात, तोंडावरून पाणी वाहत असताना.

रेवा रडत आली. अण्णांनी स्वेटरच्या खिशातनं पुडी काढली, आणि तिच्या चिखलाच्या गालाला गुलाल फासला.

"आजोबा, वी लॉस्ट!"

"मग? मला शिकवतीस व्हय? शिट्टी झालीया न्हवं!"

मग ते माझ्याकडे वळले. पुडीत उरलेला सगळा गुलाल त्यांनी माझ्या कपाळाला लावला, भांगात भरला, कानामागं गेला, मानेवर सांडला. आजूबाजूच्या आयरिश आया बघत होत्या.

"तुझा राहिला हुता," म्हणाले.

मंगळवारी अण्णा गेले. आता दरवर्षी फेब्रुवारीत येतात, तिकीट मीच काढते. फोनवर आधी रेवाच्या मॅचची तारीख विचारतात, मग हिरव्यांचा नंबर, मग जमलं तर माझी तब्येत. पण आज तो मफलर बघून मला आठवला तो मधला सोमवार.

रविवारी रात्री दोनदा आणि सकाळी एकदा मी डोकं धुतलं होतं. कोल्हापूरचा गुलाल तो, कशाला निघतोय. कारखान्यात पोचले, पांढरा अंगरखा घातला, आणि दाराशी मीच लावून घेतलेल्या आरशासमोर उभी राहिले. भांगात लाल रेघ, कानामागं लाल. मागे ती नागपूरची मुलगी आत जायला थांबली होती. तिनं बघितलं. मी बाजूला झाले, तिला पुढं जाऊ दिलं, आणि अंगरखा काढून टांगला. आत न जाणाऱ्यानं बाहेरच्या रजिस्टरमध्ये कारण लिहायचं, हाही माझाच नियम. लोक सर्दी लिहितात, बोट कापलंय लिहितात. मी पेन घेतलं, कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'गुलाल', आणि खाली सही केली.